हामरचं विरजण

हामर, विनिपेग तळ्याचा पश्चिम काठ
गवतकापणीचा महिना, १८७९

तीर्थरूप हाल्डोरा वन्सं यांस,

"ओड्नी, तिकडच्या दुधाला विरजण लावून तुझं स्कीर लागायचं नाही," असं तुम्ही त्या दिवशी किनाऱ्यावर म्हणालात, तेव्हा माझा एक पाय होडीत होता आणि एक पाण्यात, म्हणून मला उत्तर देता आलं नाही. (होडीत चढणाऱ्या बाईला जे बोलायचं ते चढण्याआधी बोलावं, नाहीतर चढल्यानंतर ओरडून. मधेच बोललेलं तिच्या मनात वर्षानुवर्षं लोंबकळत राहतं.) आज माझे दोन्ही पाय कोरडे आहेत आणि आमच्याबरोबर येऊन माघारी गेलेला ह्याल्टी इथे विसरला ती दौत हाताशी आहे, तेव्हा उत्तर लिहायला बसले आहे.

पण आधी रीत पाळते. तुम्हाला वाकून नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील, मेंढ्या सुखरूप व्यायल्या असतील आणि कुरणावरची ज्वालामुखीची राख आता धुऊन गेली असेल, अशी आशा करते. तुमच्या रागाची खुशाली तुमच्या पत्रातून कळली. गुडघ्यांविषयी तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, त्याअर्थी ते दुखत असणार. म्हणून सोबत लोकरीच्या दोन पट्ट्या विणून पाठवते आहे. एक थोडी लांब झाली आहे. उजव्या गुडघ्याला ती बांधा, तो नेहमीच जास्त कुरकुरतो. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. तुमचा भाऊ सिग्वाल्डी चांगला रुंद झाला आहे, आमची थोरडिस माझ्या डोक्यावरून पलीकडचं पाहू शकते, आणि मी होते तशीच आहे, म्हणजे तुम्हाला आवडायची नाही तशी.

तुमचं पत्र ऐन कापणीच्या धांदलीत आलं. सिग्वाल्डीनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि माझ्या हातात देऊन विळ्याला धार लावायची राहिली आहे असं म्हणत निघून गेला. (धार त्यानं सकाळीच लावली होती. तुमचं पत्र आलं की आमच्याकडची सगळी हत्यारं फार चकचकीत होतात.) पत्राचा सारांश असा: ह्याल्टीनं तिकडे परत गेल्यावर आमचे सगळे हाल तुमच्या कानावर घातले, ज्या घरात स्कीर लागत नाही ते घर नव्हे, तो तंबू, तेव्हा थोरडिसला येत्या वसंतात तिकडून येऊन परतणाऱ्या पाद्रीबाईंच्या सोबतीनं माघारी पाठवावं, जहाजावरची जागा तुम्ही सांगून ठेवली आहे, आणि सासूबाईंचं ते पांढरं फडकं, कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यानं अक्षर काढलेलं, वापरात नसेल तर तेही मुलीबरोबर परत यावं.

वन्सं, स्कीरचं आणि फडक्याचं मी शेवटी लिहिते. मुलीचं आधी लिहून टाकते, म्हणजे चष्मा पुसत बसायला नको. थोरडिस येणार नाही.

हे भावजयीनं लिहिलं तर उद्धटपणा होईल हे मला कळतं. पण आता मी नुसती भावजय राहिलेले नाही. आम्ही उतरलो त्या दिवशी टेबलामागच्या साहेबानं आमची नावं विचारली. सिग्वाल्डीनं सांगितलं, मी सिग्वाल्डी आरासोन, ही माझी बायको ओड्नी थोर्केल्सडोटिर, ही मुलगी थोरडिस सिग्वाल्डाडोटिर, आणि कडेवरची स्वाना, तीही सिग्वाल्डाडोटिर. प्रत्येकानं आपापल्या बापाचं नाव सांगितलं, यात न समजण्यासारखं काय आहे? पण साहेबानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हा माणूस वेगवेगळ्या घरांतल्या बायका गोळा करून चालला आहे की काय. दुभाषा समजावून समजावून घामाघूम झाला. शेवटी साहेबानं आम्हा सगळ्यांना सरसकट आरासोन लिहून टाकलं. आरासोन म्हणजे आरीचा मुलगा. म्हणजे सरकारदरबारी मी तुमच्या वडिलांचा मुलगा आहे, वन्सं, आणि तुमचा पाठचा भाऊ. तेव्हा वरचं 'नाही' धाकट्या भावाचं समजा. (भावाचं तरी तुम्ही कधी ऐकलंत म्हणा.)

आता ह्याल्टीचं. त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते साफ खोटं आहे. खरं त्याहून पुष्कळ वाईट होतं, पण ते त्याला दिसलं नाही, कारण तो जेवत होता. झाड घरावर पडलं असं तो म्हणाला ना? झाड घरावर पडलं नाही. आम्ही ते घरावर ओढून घेतलं. दोन्हींत फरक आहे.

त्याचं असं झालं. तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्यापैकी कुणीही गुडघ्याहून उंच झाड जन्मात पाहिलेलं नव्हतं. इथे उतरलो तर चारी बाजूंनी नुसती झाडं, वर बघितलं तर टोपी मागे पडावी अशी. त्यातही आमच्या पुरुषांनी पहिलं काय केलं, तर तळ्याकाठच्या दलदलीतून मातीच्या ढेपा कापून आणल्या आणि आपल्याकडच्यासारखं गवताच्या छपराचं मातीचं घर बांधायला घेतलं. एवढ्या लाकडात राहून चिखलाचं घर बांधणारी माणसं आमच्या शेजारणीनं आधी कधी पाहिली नसावीत. (शेजारीण म्हणजे तळ्याच्या वळणापलीकडच्या मूळच्या लोकांतली. हे तळं तिच्या पणजीपासून तिच्या लोकांचं आहे, आणि आम्हाला इथे बसा असं सांगणाऱ्या साहेबांनी तिला काही विचारलं होतं असं दिसत नाही. तरी ती आमच्याकडे कॉफीला येते, साखरेचा खडा दातात धरून प्यायलाही शिकली आहे. भाषा येत नाही म्हणून आमचं भांडण होत नाही. तुम्हा-आम्हाला एकच भाषा येते हेच चुकलं.)

तर आढ्याला एक तरी सरळ लाकूड हवं म्हणून एक झाड पाडायचं ठरलं. सिग्वाल्डी, ह्याल्टी आणि आणखी चौघं कुऱ्हाडी घेऊन आले. झाड कुठल्या बाजूला पडेल यावर त्यांनी दुपारपर्यंत वाद घातला. प्रत्येकानं आपल्या आजोबांचा दाखला दिला, आणि त्या आजोबांपैकीही कुणी झाड पाहिलेलं नव्हतं. मग चहूकडून थोडं थोडं कापून झाल्यावर सिग्वाल्डी म्हणाला, एवढ्या होड्या ओढून किनाऱ्याला लावल्या, हे काय वेगळं आहे? त्यांनी झाडाच्या शेंड्याला जाड दोर बांधला, दोराचं दुसरं टोक घेऊन सगळे घराच्या दारात एका रांगेत उभे राहिले, होडी ओढताना म्हणतात ती गाणी म्हणायला लागले आणि झाडाला आपल्याकडे ओढायला लागले. मी दारात विणत उभी होते, आणि खरं सांगते, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. समुद्रातली वस्तू आपल्याकडे ओढायची असते, हे आपण दूध पितानाच शिकतो. शेजारीण तेवढी आपली कॉफीची वाटी उचलून झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

होडी ओढली की किनाऱ्यावर येऊन थांबते. झाड थांबत नाही. पुरुष पळाले ते दोर हातात धरूनच पळाले, कारण दोर सोडायचा नसतो हेही आपण दूध पितानाच शिकतो. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. घराचा जो अर्धा भाग बांधून झाला होता तो गेला. शेजारीण एवढी हसली की तिची कॉफी सांडली, आणि मी तिला दुसरी दिली. त्या आडव्या झाडाच्या ओंडक्यांचंच मग आम्ही लाकडाचं घर बांधलं, आणि तेच आजचं हामर. (नाव तुमच्या भावानं तिकडच्या घराचंच ठेवलं, हामर म्हणजे कडा. इथे कडा सोडा, मुठीएवढा दगडही सापडत नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "दगड नसला म्हणून काय झालं, अक्का तर आहे ना तिकडे.")

माझ्या हरवण्याची गोष्ट ह्याल्टीनं सांगितली असेलच. आपल्याकडे बाई हरवत नाही. घरातून निघालेली बाई दुसऱ्या घरी पोचेपर्यंत दोन्हीकडच्यांना दिसत असते. इथे मी गाय शोधायला म्हणून झाडीत शिरले, मागे वळून पाहिलं, तर घर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी हुशारी केली. विणायचा गुंडा दाराच्या खिळ्याला बांधायचा आणि धागा सोडत सोडत आत जायचं, येताना गुंडाळत यायचं. छान जमलं. एके दिवशी येताना गुंडाळत आले, गुंडाळत आले, आणि धाग्याच्या टोकाला दाराऐवजी वासरू निघालं. त्यानं अर्ध्या मोज्याएवढी लोकर रवंथ करून टाकली होती. मी तिथेच ओंडक्यावर बसून रडले, वन्सं, तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही. थोरडिसनं येऊन मला घरी नेलं. तिला वाट कशी कळते, विचारलं, तर म्हणाली, आई, झाडं वेगवेगळी आहेत की. मला अजून ती सगळी सारखीच दिसतात. पण तेव्हापासून मला एक समजलं आहे, की ही मुलगी इथली झाली आहे, आणि तिला तिकडे पाठवली तर तुमच्या उघड्या माळावर ती तशीच कावरीबावरी होईल, जशी मी इथे झाले. मोकळ्या जागेत रडायला ओंडकाही मिळत नाही.

डासांचंही खरं आहे. ते इथे माणसापेक्षा आधी उठतात. उन्हाळ्यात आम्ही दारात ओल्या गवताचा धूर करतो आणि घरातले सगळे, गायीसकट, त्या धुरात उभे राहतो. दुधाला धुराचा वास येतो. त्या वासाला आम्ही सरावलो, ह्याल्टी सरावला नाही, म्हणून तो गेला. निरोप घेताना त्यानं सिग्वाल्डीला मिठी मारली, मला म्हणाला की ओड्नी, या देशात माणसं जगू शकत नाहीत, आणि वाटेसाठी म्हणून आमचा सुका मासा पोतंभर घेऊन गेला. आम्ही त्यानंतरही जगलो. मासा मात्र पुढच्या हंगामापर्यंत मिळाला नाही.

देवीच्या साथीच्या हिवाळ्याबद्दल त्यानं काही सांगितलं नसेल. त्यावर कुणीच बोलत नाही, मीही फार लिहिणार नाही. तळ्याच्या या काठावर असं एकही घर नाही जिथलं कुणी गेलं नाही. वाटा बंद केल्या होत्या, आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही, आणि वळणापलीकडे आमच्यापेक्षाही जास्त माणसं गेली. शेजारणीचे दोघं गेले. बर्फ वितळल्यावर ती कॉफीला आली तेव्हा मी तिची वाटी भरत राहिले आणि ती पीत राहिली. भाषा येत असती तरी आम्ही तेच केलं असतं. आमच्या घरातली कोण गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. सिग्वाल्डीनं तेव्हाच कळवलं होतं. तुम्ही उत्तरात एवढंच लिहिलं होतंत की मेंढ्या यंदा रोड आहेत. मला तेव्हा फार राग आला होता. नंतर ते पत्र पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की मेंढ्या शब्दावर शाई पसरली होती.

असो. तर वन्सं, आम्ही इथे आहोत आणि इथेच राहणार. गवत कमरेएवढं येतं आणि त्यावर राख पडत नाही. घर सरळ आहे, म्हणजे दाराकडून पाहिलं तर. मासे बर्फाखालून काढायला आम्ही शिकलो आहोत, झाडं आता दुसऱ्या बाजूला पडतात, आणि तुमच्या भावाला साहेबांच्या भाषेत भांडता येतं. कुणी आमची कीव करावी असं इथे काही नाही. थोरडिसला मी पाठवणार नाही. तुम्ही जहाजावरची जागा सोडून द्यावी, पाद्रीबाईंना माझा नमस्कार सांगावा, आणि ह्याल्टी भेटला तर त्याची दौत माझ्याकडे आहे आणि ती मी परत करणार नाही असंही सांगावं. लहानांना आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे, पण तुमच्या घरात लहान कुणी नाही, म्हणून तो तुमच्या कोकरांना देते.

तुमची आज्ञेबाहेरची भावजय (आणि सरकारी भाऊ),
ओड्नी

ता. क. स्कीरचं राहिलंच. मुद्दाम राहू दिलं होतं, पण तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत तेच शोधत आला असाल. लिहिते. लागत नाही. तुम्ही किनाऱ्यावर ते वाक्य बोललात आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या हातात ते फडकं कोंबलंत, तिकडच्या हामरच्या विरजणात बुडवून वाळवलेलं, कडक झालेलं. मी ते छातीशी धरून समुद्र ओलांडला. बोटीत सगळं ओलं झालं, ते कोरडं राहिलं. आणि उतरल्यावर, साहेबानं नावं लिहून घेतली त्या मोठ्या छपराखाली, एका दणकट, मायाळू बाईनं रोगराई नको म्हणून आम्हा सगळ्यांचे कपडे काढून घेतले आणि उकळत्या पाण्यात टाकले. फडकं परत मिळालं ते बर्फासारखं पांढरं. त्यानंतर मी ताकानं लावून पाहिलं, आंबवलेल्या पिठानं पाहिलं, तळ्यापलीकडच्या एका स्कॉटिश बाईच्या कसल्याशा दह्यानं पाहिलं. जे झालं ते सिग्वाल्डीनं डोळे मिटून खाल्लं, चांगलं आहे म्हणाला, आणि उरलेल्यानं होडीची फट बुजवली. फट अजून गळत नाही.

आणि फडकं मी परत करू शकत नाही. स्वाना गेली तेव्हा घरात दुसरं पांढरं कापड नव्हतं. सासूबाईंचं अक्षर तिच्या गालाशी येईल असं मी ते ठेवलं. म्हणून आम्ही इथून हलत नाही, वन्सं. गवताचं वगैरे जे वर लिहिलं तेही खरं आहे, पण ते नंतरचं.

दुसरा ता. क. पत्र बंद करण्याआधी थोरडिसला वाचून दाखवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्याचं पत्र तू वाचलंस, उत्तरही तूच लिहिलंस. मला कुणी विचारलं का?" सिग्वाल्डी विळ्याला धार लावायला निघाला होता, तो दारातच थांबला. मी म्हटलं, बरं, आता विचारते, जायचं आहे तुला? तिनं लांब पट्टीची घडी घातली. मग म्हणाली, "आत्याचं स्कीर आता खातं कोण?"

तुम्ही रोज लावता, फडक्यात बांधून टांगता, आणि मग? मी एवढी वर्षं तुमचं ते वाक्य घोळवत बसले, पण टेबलाशी तुम्ही एकट्या बसत असाल हे माझ्या मनात आलं नाही. पोरीच्या आलं. शेवटी ती म्हणाली, "मी जाईन. पण आत्यानं स्वतः न्यायला यावं. दुसऱ्या कुणाबरोबर मी जाणार नाही."

तर पहिल्या पानावरचं 'नाही' तूर्त अर्धवट समजा. जहाजावरची ती जागा सोडू नका, ती इकडे येणारी करून घ्या आणि तिच्यात तुम्हीच बसा. येताना विरजण फडक्यावर आणू नका, इथे मायाळू बायका फार आहेत. लोकरीच्या पट्टीत मुरवून गुडघ्याला बांधून आणा. तुमच्या गुडघ्याला हात लावायची कुणाची छाती होणार नाही. (लांब पट्टी त्याचसाठी आहे.) आल्यावर माझं पहिलं स्कीर बिघडलं असं सगळ्यांदेखत म्हणा, मी ऐकून घेईन. मग पोरीला न्या, किंवा तुम्हीच इथे राहा, ते तुम्ही दोघी ठरवा. आणि एक जागा तुम्हाला दाखवायची आहे, तळ्याच्या बाजूला, तिथे फक्त एकच बर्चचं झाड आहे, म्हणून ते मलाही ओळखता येतं.

तुम्ही नाही म्हणणार. गुडघे, मेंढ्या, समुद्र, सगळं मला पाठ आहे. तरी विचारते. वन्सं, या.